ग्वेल्मातला पॉज

ट्युनिशियातल्या केफच्या बाजारात तिजानी मान खाली घालून चालतो. नवख्याला वाटावं, माणूस लाजाळू आहे. तसं काही नाही. तो माणसं पायांवरून ओळखतो. समोरून कुणी चपला फरफटवत आलं की मान वर न करता म्हणतो, "सी हमादी, गुडघा पुन्हा धरला वाटतं?" आणि हमादी जागच्या जागी दचकतो, कारण गुडघ्याचं त्यानं अजून घरीसुद्धा सांगितलेलं नसतं.

ही सवय बावीस वर्षांच्या कामानं लावली. केफच्या नाटक मंडळीत तिजानी प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या पुढच्या काठाशी, अगदी मधोमध, जमिनीत एक खड्डा असायचा आणि त्यावर शिंपल्यासारखं लाकडी टोपण. त्या खड्ड्यात स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, वहीवर फडक्यानं झाकलेला बारीक दिवा. प्रेक्षकांना तो दिसायचा नाही, आणि त्याला नटांच्या पोटऱ्यांच्या वर फारसं काही दिसायचं नाही. राजा असो, भिकारी असो, तिजानीला सगळे सारखेच: दोन पाय.

पण काय काम करायचा तो! नट अडला तर पूर्ण वाक्य सांगायचं नाही. तीन श्वास थांबायचं, आणि चौथ्या श्वासावर पहिला शब्द असा सोडायचा की नटानं तो उचलावा आणि त्याला वाटावं, आपल्यालाच आठवलं. तिजानीनं वाचवलेल्या नटांपैकी निम्म्यांना आपण बुडत होतो हे आजही माहीत नाही. एकदा सुलतानाचं काम करणारा नट घसा बसवून आला. तिजानीनं खड्ड्यातून सुलतानाची सगळी वाक्यं म्हटली आणि वर नटानं नुसते ओठ हलवले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, की सुलतानानं या खेपेला खर्जातला आवाज लावून भूमिकेला नवी उंची दिली. तिजानीनं ते कात्रण त्या नटाला स्वतःच्या हातानं नेऊन दिलं. स्वतःकडे एकही कात्रण ठेवलं नाही. ठेवणार कशाचं? त्याचं नाव कुठे छापूनच येत नव्हतं.

मंडळीचा नायक होता शादली. उंच, खांदे दारात न मावणारे, आणि आवाज असा की किल्ल्यावरून हाक मारली तर खालच्या बाजारातला गाढववाला थांबून वर बघायचा. तिजानी आणि शादली एका गल्लीतले, एका शाळेतले. एक वर उभा, दुसरा खाली बसलेला, पण श्वास एकाच वेळी घ्यायचे. शादलीची एक खोड फक्त तिजानीला ठाऊक होती. शब्द विसरला की त्याच्या डाव्या पायाचा अंगठा सरळ आभाळाकडे उचलला जायचा. चेहरा जागच्या जागी, हात जागच्या जागी, अंगठा मात्र वर. स्वतः शादलीला याचा पत्ता नव्हता. तिजानीनं हे एकाच माणसाला सांगितलं होतं: शादलीच्या लग्नात, नव्या नवरीला, वसीलाला. वर शपथ घातली होती, नवऱ्याला सांगायचं नाही म्हणून. कारण नटाला एकदा स्वतःचा अंगठा कळला की तो उभं राहणंच विसरतो.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मंडळीला सरहद्दीपलीकडे, अल्जीरियातल्या ग्वेल्माला बोलावणं आलं. रोमन लोकांनी बांधलेल्या दगडी नाट्यगृहात खेळ. नाटक होतं 'पाण्याचा काजी'. दुष्काळातलं शहर, एकच विहीर, आणि सात वर्षं सगळ्यांना पाणी मोजून देणारा म्हातारा काजी. बस वाटेत बंद पडली, मंडळी पोचली तेव्हा प्रेक्षक बसायला लागले होते. तालीम नाही, जागेची ओळख नाही. खड्डाही नव्हता. तेव्हा रंगमंचाच्या पुढच्या ठेंगण्या भिंतीत दगडाचा एक कोनाडा होता, त्यात तिजानी वही घेऊन बसला.

शेवटच्या अंकात काजी म्हणतो: "सात वर्षं मी या शहराचं पाणी मोजलं. विधवेला मोजून दिलं, तान्ह्या पोराला मोजून दिलं, वैऱ्यालाही मोजून दिलं. आज दारात माझाच मुलगा रिकामं मडकं घेऊन उभा आहे." आणि मग: "त्यालाही तेच माप." या तीन शब्दांवर पडदा पडायचा आणि शादलीला टाळी मिळायची.

त्या रात्री शादली 'उभा आहे' म्हणाला आणि थांबला. एक श्वास, दोन, तीन. समोरच्या झगझगीत दिव्यांत तिजानीला काजीची वहाण दिसत होती, आणि वहाणेतला डावा अंगठा आभाळाकडे उठला होता. चौथ्या श्वासावर त्यानं शब्द सोडला. सुटला तो सगळा, तिन्ही शब्द. बंद सभागृहात तो पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता. पण रोमन दगड तो. त्यानं ती कुजबुज झेलली, आणि पायरीपायरीनं थेट शेवटच्या ओळीपर्यंत नेऊन पोचवली. काजी गप्प, आणि जमिनीतून निवाडा आला! वरून कुणीतरी ओरडलं, "काजीला पाताळातून वकील मिळाला रे!" तीन हजार माणसं हसली. हसतच राहिली. शादली पाठ फिरवून आत गेला तो परत आला नाही. नाटक तिथेच राहिलं.

परतीच्या बसमध्ये शादली एवढंच म्हणाला, "मी विसरलो नव्हतो. मी पॉज घेतला होता." त्यानंतर तो तिजानीशी बोलला नाही. एकोणचाळीस वर्षं.

गावानं शादलीचं ऐकलं. पॉज आणि विसर यांतला फरक कळत नाही तो कसला प्रॉम्प्टर? केफच्या कॅफेत आजही कुणी मध्येच तोंड घातलं की बाकीचे म्हणतात, "अरे, तिजानी झालास का?" तिजानी शेजारच्या टेबलावर असला तरी म्हणतात. तो चहा संपवतो, सलाम करतो, निघतो. मंडळी सोडून त्यानं नगरपालिकेच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम धरलं. अंगठ्याबद्दल एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर शादली विसरभोळा ठरला असता, आणि नायकाला ते परवडत नाही.

या मे महिन्यात एका सकाळी वसीला त्याच्या दारात आली. हातात मकरूदच्या, खजूर भरलेल्या वड्यांची ताटली, वर रुमाल.

"सी तिजानी, सोमवारी त्याचा आवाज काढणार आहेत."

तिजानीनं चहा ठेवला. ती बोलत राहिली.

"घशात गाठ आहे. गाठीबरोबर आवाजाची पेटीही जाणार. ट्युनिसचे डॉक्टर म्हणाले, माणूस राहील, आवाज राहणार नाही. यावर हा काय म्हणतो माहीत आहे? म्हणतो, मग राहिलं काय?"

"कुठे आहे तो?"

"घरी. काजीचा जुना अंगरखा काढून उन्हात घातलाय. विचारलं तर म्हणतो, कसर लागली होती. मी काय काल लग्न होऊन आलेय? त्याला ग्वेल्माला जायचंय. मुलगा लियाँला, फ्रान्सात. भाड्याच्या गाडीत आठ जणांत कोंबून घेऊन तो जाणार नाही, आणि तुम्हाला विचारायचं म्हटलं तर सोमवारपर्यंतही थांबणार नाही, आजच जीभ छाटून घेईल. म्हणून मी विचारायला आले."

तिजानीनं तिच्या पायांकडे पाहिलं. घाईत ती घरातल्या सपाता घालूनच अख्खी चढण चढून आली होती.

"लल्ला, मी गाडी हळू चालवतो," तो बाईमाणसाशी बोलायच्या अदबीनं म्हणाला.

"ते अख्ख्या गावाला माहीत आहे. कधी निघायचं?"

"बुधवारी."

गाडी चालवायला तिजानी एकसष्टाव्या वर्षी शिकला. त्याची गाडी म्हणजे पांढरी, छोटी, दारावर एक पोचा. वळण आलं की तो ओठांतल्या ओठांत स्वतःलाच सांगतो: ब्रेक, दुसरा गियर, आरसा. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, आता स्वतःला.

बुधवारी सकाळी शादली गल्लीच्या तोंडाशी उभा होता, पायात वहाणा, काखेत गुंडाळलेला अंगरखा. पाय लांब म्हणून पुढे बसला. वसीला मागे, टोपली मांडीवर. गाडी हलली तसा शादलीनं काचेबाहेर बघत तोंड उघडलं. आवाज घोगरा झाला होता, खरवडल्यासारखा.

"वसीला, त्याला सांग, तिकडे तोंड उघडायचं नाही. मी दहा मिनिटं गप्प राहिलो तरी नाही."

"सी तिजानी, हा म्हणतो..."

"ऐकलं, लल्ला. त्याला सांगा, नाही उघडणार."

"देवा," वसीला म्हणाली, "मला टेलिफोन करून ठेवलंय या दोघांनी."

सरहद्दीलगतच्या साकियाच्या रस्त्यावर मेंढ्यांचा कळप गाडीच्या बरोबरीनं चालला, मग पुढे गेला.

"वसीला, त्याला विचार, त्या मेंढ्यांना वाट द्यायचीय का अजून कुणाला?"

"लल्ला, त्याला सांगा, मेंढ्यांना सोमवारच्या आत परत यायची घाई असेल."

वसीलानं श्वास रोखला. शादलीचा खांदा हलला. हसला असावा.

सरहद्दीवर पलीकडच्या तरुण पोलिसानं कागद पाहिले. "हाजी, कुठे निघालात?"

"ग्वेल्माला," शादली म्हणाला. "एक नाटक अर्धं राहिलंय."

"नाटकवाले? मग सामान कुठे आहे?"

"घशात. जकात लागते का?"

पोरगा खदखदून हसला, शिक्का मारला, आणि सवयीनं म्हणाला, "पहिल्याच पंपावर टाकी भरून घ्या, तुमच्याकडचे सगळे तेच करतात." केफचा कुणीही माणूस या बाजूला यायचा तर टाकी सुकवून, गाडी जवळजवळ ढकलत येतो, इकडचं पेट्रोल पाण्याच्या भावात. तिजानीची टाकी काठोकाठ भरलेली होती.

"घरून भरून आणलीय," वसीलानं कपाळावर हात मारत सांगितलं.

"अख्ख्या केफमध्ये भरल्या टाकीनं ही सरहद्द ओलांडणारा हा एकच," शादली काचेला म्हणाला. "कुठे अडू नये म्हणून. दुसरा कुणी अडू नये म्हणूनही असाच जपायचा."

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं होतं. तिजानीनं दुसरा गियर टाकला आणि ओठांत पुटपुटलाही नाही.

दुपारी मदौराला थांबले. गव्हाच्या पिवळ्या रानात रोमनांचं गाव पडलेलं, आणि त्यात खेळण्याएवढं नाट्यगृह. दोन पावलांत रंगमंच संपतो. वसीलानं पायऱ्यांवर रुमाल पसरून भाकर, जैतून आणि हरीसाची तिखट चटणी काढली. शादलीनं जेवणाआधीच अंगरखा चढवला.

"घसा मोकळा करतो," तो कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला, आणि सुरू झाला. "सात वर्षं मी या शहराचं पाणी मोजलं. विधवेला मोजून दिलं..." आणि थांबला.

तिजानी पहिल्या पायरीवर बसला होता. त्याची नजर गेली तिथेच जिथे जाणार होती. डावा अंगठा वर. 'तान्ह्या पोराला' हे शब्द तिजानीच्या दातांच्या मागे येऊन उभे राहिले. त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला.

शादली खोकला. पुन्हा खोकला. "धूळ आहे इथे," म्हणाला, आणि अंगरखा काढून बाजूला बसला. जेवताना तो एकदाच तिजानीच्या हाताकडे बघून बायकोला म्हणाला, "त्याला विचार, कोरडी भाकर कोण खातं?"

संध्याकाळी सूक अहरासला मुक्काम. तिजानी पडल्या पडल्या हिशोब मांडत होता. आज दोन ओळींत अडला. उद्या अडला तर? द्यायचा नाही, शब्द दिलाय. पण न देता तो उद्याही अर्धवट राहिला, तर सोमवारनंतर कुणी कितीही शब्द दिले तरी उचलायला त्याच्याकडे काही नसणार. आणि दिला, अन् तो खरंच पॉज असला, तर? अंगठा सांगेल, तिजानीनं ठरवलं. अंगठा कधी खोटं बोलला नाही. अंगठ्याच्या भरवशावर त्याला झोप लागली.

सकाळी गाडीशी आला आणि त्यानं आधी पाय पाहिले. शादलीच्या पायांत काळे, जाड, नाडीचे बूट होते.

"थंडी वाजते का त्याला?" तिजानीनं वसीलाला विचारलं. मे महिना.

वसीलानं टोपली नीट करण्याचं काम काढलं. "काय की. घातलेत खरे."

वाटेत खमीसाचं मोठं नाट्यगृह लागलं. टेकडीच्या कुशीत, वाऱ्याशिवाय कुणी नाही. शादलीनं तिथे अंगरखा उलगडला नाही. वर जाऊन बसला आणि बघत राहिला. तिजानी मात्र रंगमंचाभोवती फिरला, वाकून वाकून प्रत्येक खाच, प्रत्येक कोनाडा पाहिला, हातानं दगड चाचपला. एका जागी उकिडवा बसून पाहिलं. उठला, दुसरीकडे बसला. घर घ्यायला आलेला माणूस खोल्या बघतो तसा.

वरून घोगरा आवाज आला. "वसीला, त्याला विचार, रोमनांकडे प्रॉम्प्टर होते का?"

वसीला झाडाच्या सावलीत दूर होती. निरोप द्यायला मध्ये कुणी नव्हतं. दगडानं तो प्रश्न नेऊन सरळ तिजानीच्या कानाशी ठेवला होता.

तिजानीनं इकडेतिकडे पाहिलं आणि अखेर वर न बघताच म्हणाला, "असले तरी त्यांचं नाव कुणी दगडावर कोरलं नसेल."

शादली पायऱ्या उतरून गाडीकडे निघाला.

ग्वेल्माचं नाट्यगृह भर गावात. आजूबाजूला दुकानं, स्कूटरी, भाजीच्या गाड्या. दारातून आत गेलं की अर्धवर्तुळातला दगड. रखवालदार अम्मार म्हणून गोलमटोल माणूस, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. त्यानं तिघांना पाहुणचाराच्या थाटात आत घेतलं.

"लल्ला, तुम्ही माझ्याबरोबर शेवटच्या पायरीवर चला. खाली हाजींना काडेपेटीतली काडी ओढायला सांगा. वर ऐकू नाही आली तर माझं नाव बदला!"

"काडी नको," वसीला म्हणाली. "ते बोलणार आहेत."

ती अम्मारबरोबर पायऱ्या चढायला लागली. खाली दोघेच उरले. शादलीनं अंगरखा चढवला. तो आता खांद्यांवरून ओघळत होता. रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि ठेंगण्या भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं.

"जा. बस तुझ्या जागी."

एकोणचाळीस वर्षांनी सरळ त्याला उद्देशून बोललेलं पहिलं वाक्य. तिजानी गेला. गुडघे कुरकुरले, पण कोनाड्यानं त्याला ओळखल्यासारखं आत घेतलं. पाठीला तोच गार दगड. मांडीवर वही नव्हती. ती लागतही नव्हती. डोळ्यांसमोर काळे बूट, दोन्ही नाड्यांच्या घट्ट गाठी.

"सात वर्षं मी या शहराचं पाणी मोजलं."

आवाज फाटका होता. पण फाटलेल्या ठिकाणाहून काजी बाहेर येत होता. चाळिशीही न गाठलेल्या शादलीनं हे भाषण घंटेसारखं वाजवलं होतं. आज त्यात कोरड होती, आणि दुष्काळातला काजी घंटेसारखा कशाला बोलेल?

"विधवेला मोजून दिलं. तान्ह्या पोराला मोजून दिलं. वैऱ्यालाही मोजून दिलं." अडला नाही. तिजानीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, आवाज न करता. "आज दारात माझाच मुलगा रिकामं मडकं घेऊन उभा आहे."

आणि थांबला.

एक श्वास. बाहेर कुणीतरी कलिंगडाचा भाव ओरडलं. दोन. तीन. बूट हलले नाहीत. बुटाच्या आत काय चाललंय ते चामड्याला ठाऊक. चौथा श्वास आला, आणि तिन्ही शब्द तिजानीच्या जिभेवर येऊन बसले, तेव्हा बसले होते तसेच. पाच. एक कबूतर भिंतीवरून उडालं. सहा. काल मदौराला हा दोन ओळींत अडला होता. सोमवार चार दिवसांवर आहे. सात.

तिजानीनं मान वर केली.

बावीस वर्षांत त्यानं हे कधी केलं नव्हतं. प्रॉम्प्टरनं नटाचा चेहरा बघायचा नसतो, चेहरा प्रेक्षकांचा. चेहरा वाचायची त्याला सवयच नव्हती, विसर कुठे दिसतो आणि पॉज कुठे दिसतो हे त्याला सांगता आलं नसतं. पण समोर एक म्हातारा बाप उभा होता, दाराकडे बघत. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते पडू देत नव्हता. अशा माणसाला घाई करायची नसते, एवढं तिजानीला कळलं. त्यानं तिन्ही शब्द गिळले आणि ओठांवर तळहात दाबून धरला.

"त्यालाही," शादली म्हणाला, "तेच माप."

हळू म्हणाला. इतक्या हळू की बंद सभागृहात पहिल्या रांगेलाही गेलं नसतं. वरच्या पायरीवर अम्मारनं हातातला किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरला, वाजू नये म्हणून. मग त्यानं आणि वसीलानं टाळ्या वाजवल्या. चार हातांच्या, पण त्या जागी त्या पुष्कळ झाल्या.

शादली रंगमंचाच्या काठावर येऊन बसला. पाय खाली सोडले, अगदी तिजानीच्या नाकासमोर.

"बूट मुद्दाम घातले," तो म्हणाला.

"कळलं."

"अंगठ्याचं वसीलानं सांगितलं. कधी, माहीत आहे? गेल्या आठवड्यात. अठ्ठेचाळीस वर्षं बाईनं पोटात ठेवलं."

"मी शपथ घातली होती."

"डॉक्टरकडून येताना गाडीत सांगितलं तिनं. म्हणाली, आता तुला उभं राहून बोलायचं नाही, आता कळलं तरी चालेल." तो हसला, हसण्याचा खोकला झाला. "आज मी खरंच विसरलो असतो तर?"

"तर बसलो असतो दोघं. कुलूप पाच वाजता लावतात."

"इतका वेळ थांबला असतास?"

"दोघांचं जेवण टोपलीत होतं."

शादलीनं बुटाची टाच दगडावर दोनदा आपटली. मग खाली न बघता विचारलं, "त्या रात्री अंगठा वर होता?"

एकोणचाळीस वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि त्या रात्रीच्या दिव्यांत वहाणेची शिवणसुद्धा मोजता आली असती. कॅफेतली टेबलं, 'तिजानी झालास का', सगळं त्या एका शब्दासाठी थांबून राहिलं होतं. तिजानीनं समोरच्या नाडीची गाठ पाहिली. जरा सैल झाली होती. त्यानं ती ओढून नीट केली.

"अंधार होता रे," तो म्हणाला. "मला कुठे काय दिसलं. पॉजच असेल."

शादली त्याच्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हात टेकून उठला, सावकाश चालत पुन्हा मधोमध गेला, जिथे काजी उभा राहतो तिथे. समोरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे तोंड केलं. आवाज लावलाच नाही, नुसता श्वास सोडला.

"विसरलो होतो."

दगडानं ते उचललं आणि वर नेलं.

शेवटच्या पायरीवरून अम्मार काळजीनं ओरडला, "काय विसरलात, हाजी? खाली काही राहिलं का? येऊ का शोधायला?"

तिजानी कोनाड्यातून बाहेर पडला होता. शहात्तर वर्षांत जो स्वतःसाठी कधी मोठ्यानं बोलला नव्हता, त्या माणसानं दोन्ही हातांचा कर्णा केला आणि छातीच्या तळापासून ओरडला:

"काही नाही! नाटकातलंच आहे ते!"

पायऱ्या नुसत्या दणाणल्या. कबुतरांचा थवा उडाला. बाहेरचा कलिंगडवाला गप्प झाला.

शादलीनं मान वळवली. "हळू बोल की रे," तो म्हणाला, "शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जातं इथे."